लॅपटॉपमधला बांध

घरात लॅपटॉप एकच असला की तो कोणाचा, हे विचारायचं नसतं. चिखलीच्या ठेंगांच्या घरात तो ऋत्विकच्या शिक्षणासाठी घेतला होता आणि त्यावर ऋत्विकचे वडील बसत होते. म्हणजे लॅपटॉपवर नव्हे, लॅपटॉपपुढे. पण महादेवराव एकदा बसले की या दोन्हींत फारसा फरक उरत नसे.

महादेवराव निवृत्त तलाठी. तलाठी निवृत्त होतो म्हणजे त्याचं कार्यालयात जाणं बंद होतं, बाकी काही बंद होत नाही. सकाळी नऊ वाजले की ओसरीवर चपला जमायला लागत. कोणाचा फेरफार अडलेला, कोणाच्या सातबाऱ्यावर मेलेला काका अजून शेती कसत असलेला, कोणाचा बांध शेजाऱ्याने पावसाळ्यागणिक वीतवीत खाल्लेला. महादेवराव चष्मा चढवत, विंडोज उघडत आणि एका पुरातन मराठी फॉन्टमध्ये दोन बोटांनी अर्ज बडवत. तो अर्ज दुसऱ्या कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडला तर नुसती प्रश्नचिन्हं आणि डॉलर दिसत. महादेवराव याला गोपनीयता म्हणत.

अशा सुरळीत चाललेल्या संसारात कॉलेजने नोटीस लावली. लॅबमधले संगणक 'तांत्रिक कारणास्तव' बंद आहेत (तांत्रिक कारण उंदीर होतं, त्याने वायरी खाल्ल्या होत्या आणि तो अद्याप फरार होता), तरी बी.एस्सी. कॉम्प्युटर द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला स्वतःचा लॅपटॉप आणावा. अभ्यासक्रमानुसार त्यात लिनक्स असणं बंधनकारक. प्रोग्राम सी भाषेतला, जर्नलमधलाच येईल. खाली प्रेमानंद सरांची सही.

ही परीक्षा ऋत्विकची एकदा राहून झाली होती. "या खेपेला राह्यली तं बीबी," एवढंच महादेवराव म्हणाले होते. बीबी हे लोणार तालुक्यातलं चांगलं बाजाराचं गाव, आणि तिथे गजेंद्रमामांचं कृषी केंद्र. बियाणं उगवलं नाही म्हणून भांडायला येणाऱ्या शेतकऱ्यांसमोर गल्ल्यावर बसायला मामांना घरचा माणूस हवा होता. स्वतः मामा अशा वेळी मागे गोदामात पोती मोजत असत. ऋत्विकला ते लहानपणापासून "शांत डोक्याचं पोरगं" म्हणत आले होते, आणि त्यामागचा हेतू त्याला आता आता कळायला लागला होता.

तर लिनक्स टाकायचं. पण कोणतं? लिनक्स एक नसतं. इंटरनेटवर पाहिलं तर दोन-तीनशे प्रकार निघाले, आणि प्रत्येकाचे भक्त बाकीच्यांना माणसात धरत नव्हते. एकाने लिहिलं होतं, नवशिक्याने हेच टाकावं. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं होतं, नवशिक्याने याच्या जवळपासही फिरकू नये. दोघांना सारखेच अंगठे होते.

ऋत्विकने ओसरीवर विषय काढला. ही त्याची पहिली चूक. शेजारचे निवृत्तीकाका तिथेच बसले होते. निवृत्तीकाका एसटीत कंडक्टर होते आणि जगातला प्रत्येक बिघाड फॉर्मेट मारल्याने दुरुस्त होतो असं त्यांचं अनुभवाअंती मत होतं. त्यांनी स्वतःचा मोबाइल इतक्या वेळा फॉर्मेट केला होता की त्यात त्यांच्या बायकोचा नंबरही उरला नव्हता, आणि त्यावरून झालेल्या भांडणातही त्यांचं मत बदललं नव्हतं.

"फॉर्मेट मार," निवृत्तीकाका म्हणाले. "सगळं साफ. मग टाक तुले काय टाकायचं ते."

"अन् माझे अर्ज?" महादेवराव.

"अर्जाचं काय? पुन्हा येतात लोक."

महादेवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की निवृत्तीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"काऊन पण लिनक्स?" महादेवरावांनी मुलाला विचारलं. "विंडोज सगळं जग वापरते. तहसीलही वापरते."

"विद्यापीठाला लागते, बाबा. प्रोग्रामिंगला बरं असते. अन् फुकट आहे."

फुकट हा शब्द उच्चारायला नको होता. महादेवरावांच्या उभ्या नोकरीत फुकट मिळालेल्या प्रत्येक गोष्टीवर पुढे चौकशी बसली होती. "फुकट कोण देते बे?" ते म्हणाले. "मालक कोण त्याचा?"

"कोणीच नाही. सगळ्यांचं आहे ते."

"म्हणजे गायरान," महादेवराव म्हणाले आणि विषय त्यांच्यापुरता समजला.

लिनक्सचं कोणतं वाण टाकावं याचा कौल शेवटी गजेंद्रमामांनी फोनवरून दिला. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते आठवड्याला फोन करून परीक्षेची तारीख विचारत, आणि फार आशेने विचारत.

"भाच्या, बियाण्याचं अन् याचं सारखंच आहे पाह्य," मामा म्हणाले. "पिशवीवर काय लिहिलं ते कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक येते, विचारते, शेजाऱ्यानं काय नेलं? तेच द्या. ज्याले अक्कल आहे तो असंच करते. साऱ्या शिवारानं जे पेरलं ते पेरायचं. पिकलं तं सगळ्यांचं पिकते. बुडालं तं सगळ्यांचं बुडते, मग पंचनामा होते, सरसकट मदत भेटते. एकट्याचं बुडालं तं कुत्रं विचारत नाही."

"अन् एकट्याचंच पिकलं तं?"

"असं काही अजून माझ्या पाहण्यात नाही," मामा म्हणाले.

सल्ला पटण्यासारखा होता. वर्गात सगळ्यांचं लिनक्स प्रतीक्षा टाकून देत होती. वर्गातल्या बाकीच्यांना कॉम्प्युटर वापरता येत असे. प्रतीक्षाला तो कळत असे. तिने सगळ्यात नवं, ताजं वाण एका पेनड्राइव्हवर उतरवलं होतं आणि तो पेनड्राइव्ह प्रसादासारखा बाकाबाकावरून फिरत होता. ऋत्विकने तो घरी आणला आणि महादेवरावांना सांगितलं की विंडोज पुसायचं कारण नाही. डिस्कचे दोन भाग करायचे. एकात तुमचं विंडोज, एकात माझं लिनक्स. लॅपटॉप सुरू करताना तो विचारतो, कोणाकडे जायचं.

"म्हणजे वाटणी," महादेवराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तेज आलं.

ऋत्विकची कल्पना अशी, की दोन बटणं दाबायची आणि एक रेघ सरकवायची. महादेवरावांनी ती मोडीत काढली. वाटणी अशी होत नाही. वाटणीला पंच लागतात, मोजणी लागते, हिस्सेदारांची संमती लागते. रविवारी सकाळी अंघोळ करून ते ओसरीवर बसले. लॅपटॉप पाटावर. ऋत्विकच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, त्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं. की-बोर्डला लावू नये एवढी विनंती ऋत्विकने वेळेत केली. पंच म्हणून निवृत्तीकाका आले. त्यांनी येताना चहाची आठवण करून दिली आणि फॉर्मेटचीही.

पहिली अडचण क्षेत्रफळाची निघाली. खोक्यावर एकशे अठ्ठावीस जीबी लिहिलं होतं आणि पडद्यावर एकशे एकोणीस दिसत होते.

"नऊ जीबी गेले कुठं?" महादेवरावांनी विचारलं.

ऋत्विकने समजावलं, की कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या, म्हणून तेवढा फरक दिसतो.

"म्हणजे विकताना एक साखळी अन् मोजताना दुसरी," महादेवराव म्हणाले. "हे तू मले सांगून राह्यला का?"

त्यांनी कमी क्षेत्राची नोंद 'हरकतीसह' केली आणि पुढे गेले. विंडोजने स्वतःसाठी अडवलेली जागा अर्ध्याच्या आसपास होती. तिथे काही ठेवता येत नव्हतं आणि तिथलं काही हलवताही येत नव्हतं. महादेवरावांनी ती पोटखराबा धरली, म्हणजे सातबाऱ्यावर असते पण पेरता येत नाही अशी जमीन. उरलं ते वाटायचं.

"अर्धं अर्धं," ऋत्विक म्हणाला.

"अर्धं कसं? बापलेकात वाटणी झाली की बायकोचाही हिस्सा निघते. कायदा आहे."

अन्नपूर्णाबाई आतापर्यंत दाराला टेकून गंमत पाहत होत्या. "निघते का?" त्या म्हणाल्या. "निघते तं घेईन मी."

"तुले कायले पाह्यजे? काय ठेवशील त्यात?"

"ते मी पाहीन. रिकामं राहील. माझं म्हणून तं राहील."

महादेवराव कायद्याचे माणूस, म्हणून त्यांनी पुढची ओळही स्वतःच उच्चारली: मुलीचाही हिस्सा. अश्विनी मलकापूरला दिलेली. तिला फोन लावून स्पीकरवर घेतलं आणि तिने हक्कसोड द्यावी, असं रीतसर विचारण्यात आलं.

"काऊन देऊ?" अश्विनी म्हणाली. "माझ्या लग्नाचा व्हिडिओ त्याच लॅपटॉपमधी आहे. आमच्या इकडची कॉपी यांनी उडवली."

"व्हिडिओ राहू दे ना तायडे, हिस्सा कायले?"

"व्हिडिओ कशात राहीन मग? हिस्सा पाह्यजे. ऋत्विक्या, तुले पूर्ण लॅपटॉप पाह्यजे काय बे?"

चार हिस्से पडले. एवढ्यावर ऋत्विकने मन घट्ट केलं असतं, पण मग बांध आले.

"बाबा, बांध कायले? ही डिस्क आहे. तिथं काही नांगर नाही चालत."

"आज नाही चालत. उद्या?" महादेवरावांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते शासनाच्या वतीने बोलत. "अख्खी नोकरी लोकांचे बांध मोजण्यात गेली माझी. भाऊ भावाचा खून करते एवढ्याशा धुऱ्यासाठी. अन् माझ्या घरात बिनबांधाची वाटणी?"

"बराबर आहे," निवृत्तीकाका म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण पंचाने मधून मधून बोलावं लागतं.

तर ऋत्विकच्या हिश्शाच्या दोन्ही अंगांना रिकामी जागा सोडण्यात आली. ती कोणाचीच नाही. त्यात काही लिहिता येत नाही. त्याच्या हिश्शातून शिवाय लिनक्सला लागणारी 'स्वॅप' नावाची थोडी जागा निघाली. मेमरी भरली की कामं तिथे तात्पुरती नेऊन ठेवतात असं ऋत्विक म्हणाला, तेव्हा महादेवरावांनी ती गायरान म्हणून नोंदवली. मग प्रत्येक हिश्शाला नाव दिलं: श्री महादेवराव, सौ. अन्नपूर्णाबाई, सौ. अश्विनी, चि. ऋत्विक. चि. ऋत्विकच्या वाट्याला बारा जीबी आले.

पेनड्राइव्ह लावला. ताज्या वाणाने जागा पाहिली आणि पंचवीस जीबी असल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही असं इंग्रजीत कळवलं.

"फेरवाटणी?" ऋत्विकने विचारून पाहिलं.

"चारही हिस्सेदारांच्या सह्या लागतात," महादेवराव म्हणाले. "अश्विनी देत नाही."

दुसऱ्या दिवशी ऋत्विकने प्रतीक्षाला अडचण सांगितली. तिने ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना तिने तोंडावर ओढणी धरली होती.

"बांध?" ती म्हणाली.

"दोन्हीकडून."

"बारा जीबीत आताचं काही बसत नाही. जुनं देते तुला. आपण दुसरीत होतो तेव्हाचं आहे. चाललं तं चाललं." आणि मग जाता जाता: "तुझ्या बाबांना म्हण, आमच्या फ्रिजचीही वाटणी करायची आहे."

जुनं वाण मात्र आलं, बसलं आणि उगवलंही. त्याला लॅपटॉपचा आवाज सापडेना, वायफाय दिसेना, आणि पडदा कावीळ झाल्यासारखा पिवळा दिसे. पण काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं उमटत होती, आणि प्रेमानंद सरांच्या अभ्यासक्रमात याहून जास्त काही अपेक्षित नव्हतं.

आता फक्त हमीपत्र उरलं होतं. लॅपटॉप बिघडल्यास कॉलेज जबाबदार नाही असं पालकांनी लिहून द्यायचं, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव घालायचं. कार्यालयातल्या मॅडमनी ते पाहिलं आणि विचारलं, "पावती?"

"लॅपटॉपची?"

"ऑपरेटिंग सिस्टिमची. नाव लिहिलं की पावती जोडावी लागते."

"मॅडम, हे फुकट असते."

"मग फुकट मिळाल्याचा दाखला आणा."

"कोणाचा?"

"ज्यानं दिलं त्याचा."

ऋत्विक घरी आला तो खचून. महादेवराव मात्र ऐकून खुलले. जगात अजून कोणीतरी नीट काम करतं याचा त्यांना आनंद झाला. त्यांनी स्वतः स्वयंघोषणापत्र टाइप केलं, की सदर लिनक्स कोणाकडूनही विकत घेतलेले नसून ते सर्वांचे असल्याने कोणाचेही नाही, व ते माझ्या मुलाच्या ताब्यात शांततेने व विनाअडथळा आहे. मॅडमनी ते कौतुकाने वाचलं आणि शिक्का मारला. त्या शिक्क्यानंतर घरात दोन दिवस बापलेकांत इतका गोडवा होता, की अन्नपूर्णाबाईंना काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी घड्याळ फिरलं.

लिनक्स आणि विंडोज यांचं वेळेबाबत एकमत नसतं. लॅपटॉपच्या पोटात जे घड्याळ असतं, त्यात लिनक्स लंडनची वेळ लावून ठेवतं, आणि नंतर विंडोज उघडलं की ते तीच वेळ चिखलीची समजून दाखवतं. ऋत्विकला हे माहीत नव्हतं. महादेवरावांना तर लंडनचा संबंध इंग्रज गेले तेव्हाच संपला असं वाटत होतं. ते पहाटे पाचला उठून, अंघोळ करून, एका ओळखीच्याचा हरकतअर्ज टाइप करायला बसले. लॅपटॉपच्या मते तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अर्जावर तारीख आपोआप पडत असे. ती कालची पडली.

तहसीलमध्ये खिडकीवरच्या पोराने अर्ज पाहिला. पोरगं महादेवरावांच्याच हाताखाली शिकलेलं.

"काका," ते हसून म्हणालं, "रिटायर झाल्यावर चालू केलं का बॅकडेट?"

मागे रांग होती. रांग हसली.

महादेवरावांनी उभ्या नोकरीत एकही नोंद मागच्या तारखेने केली नव्हती. बदल्या झाल्या, बोलणी खाल्ली, एका आमदाराच्या मेव्हण्याने तीन वर्षं रामराम केला नाही. पण तारीख म्हणजे तारीख. ते घरी आले, चप्पल न काढता ओसरीवर बसले आणि पाणी नको म्हणाले. त्यांनी पाणी नको म्हणणं ही या घरात गंभीर बाब होती.

"काढ ते," ते म्हणाले.

"काय?"

"तुझं लिनक्स. आजच्या आज. माझ्या हिश्शात येऊन माझी तारीख फिरवते म्हणजे अतिक्रमण झालं."

"बाबा, एक सेटिंग आहे, मी करतो—"

"अन् निवृत्ती सांगत होता, तुझ्या इकडून माझ्या फाइली दिसतात म्हणे. माझ्या इकडून तुझं काहीच दिसत नाही. हे कोणत्या कायद्यात बसते?"

हे मात्र खरं होतं. लिनक्समधून विंडोजच्या फाइली दिसतात. विंडोजला लिनक्सचं शेत दिसतच नाही, त्याच्या दृष्टीने तिथे पडीक जमीन असते. ऋत्विकने ही गोष्ट कौतुकाने निवृत्तीकाकांना दाखवली होती. ही त्याची दुसरी चूक.

"सोमवारी परीक्षा आहे माझी," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. शाळेनंतर त्याचा आवाज घरात असा निघाला नव्हता. "आज काढलं तं मी काय घेऊन जाऊ? मग सरळ बीबीलाच जातो ना. मामाला सांगा, येतो म्हणून."

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"त्याचं पीक उभं आहे का नाही आता?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुम्हीच सांगता ना लोकाईले. ताबा कोणाचाही निघो, उभं पीक मोडता येत नाही. काढणीपर्यंत थांबावं लागते म्हणून. रोज तं ऐकते मी आतून." त्या आत जाता जाता म्हणाल्या, "सोमवारी काढणी आहे त्याची. मग मोडा."

महादेवरावांनी बराच वेळ कायद्यात पळवाट शोधली. सापडली नाही. "परीक्षेपर्यंत स्थगिती," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं. ऋत्विकने ती सेटिंग त्याच दुपारी केली. महादेवरावांनी त्यानंतर भिंतीवरचं घड्याळ काढून लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवलं, नजर ठेवायला.

सोमवार उजाडला. वर्गात लॅपटॉप उघडून मुलं बसली. बाहेरचे परीक्षक मलकापूरला रेल्वेने उतरून आले होते आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. प्रोग्राम जर्नलमधलाच आला.

इथे जर्नलबद्दल सांगायला हवं. जर्नलमधले प्रोग्राम प्रेमानंद सरांनी नोकरीला लागले त्या वर्षी लिहिले होते. तेव्हापासून प्रत्येक बॅच ते मागच्या बॅचच्या वहीतून उतरवून घेत आली. नुसता प्रोग्रामच नव्हे, तो चालवल्यावर पडद्यावर काय येतं तेही निळ्या पेनाने, चौकट आखून. त्यामुळे तो चालवून पाहण्याची वेळ कोणावर आली नव्हती. सगळ्यांना पाठ होता. पाठ असलेली गोष्ट चालते की नाही, हे आरती म्हणताना कोण पाहतं?

सगळ्यांनी तो टाइप केला. सगळ्यांनी बटण दाबलं. आणि सगळ्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं आली.

प्रतीक्षाचं ताजं वाण फार काटेकोर होतं. प्रोग्राममधली 'गेट्स' नावाची आज्ञा त्याला मान्यच नव्हती. असलं काही अस्तित्वात नाही असं ते म्हणत होतं. वर्गात कुजबुज झाली. प्रेमानंद सर एका लॅपटॉपकडून दुसऱ्याकडे गेले. प्रोग्राम बरोबर होता, वर्षानुवर्षं बरोबर होता. म्हणजे लॅपटॉप चुकत होते, आणि तेही सगळे एकदम.

ऋत्विकच्या जुन्या वाणाने मात्र वेगळं केलं. ही आज्ञा धोक्याची आहे, वापरू नये, असा इशारा त्याने दिला, आणि मग प्रोग्राम निमूटपणे चालवला. अगदी हरकत नोंदवून पुढे जाणाऱ्या महादेवरावांसारखं. पडद्यावर उत्तर आलं. जर्नलमध्ये निळ्या पेनाने होतं तेच, फक्त चौकट नव्हती.

समोरच्या बाकावर प्रतीक्षाने मागे वळून त्याचा पडदा पाहिला. तिला स्वतःचा प्रोग्राम दुरुस्त करता आला असता. एका ओळीचं काम होतं. पण ती हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. तिने डोळ्यांनी ऋत्विकला काहीतरी सांगितलं. मग हाताने सांगितलं. बंद कर. झाकण लाव.

ऋत्विकला वाटलं ती अभिनंदन करतेय. त्याने हात वर केला.

"सर! माझा चालला!"

ही तिसरी, आणि आधीच्या दोन्हींना पोटात घेणारी चूक. कारण त्याच क्षणी परीक्षक प्रेमानंद सरांना म्हणत होते, की सगळ्यांचंच बंद आहे तर मुलांचा काय दोष, तांत्रिक अडचण दाखवू आणि सरसकट पन्नासपैकी बेचाळीस देऊन टाकू. सर मान हलवत होते. आता दोघांनीही वळून ऋत्विककडे पाहिलं.

"एकाचा चाललाय," परीक्षक म्हणाले, जरा नाराजीने. "मग त्याची तोंडी घ्यावी लागेल."

बाकीच्यांना जायला सांगितलं. प्रतीक्षा त्याच्या बाकावरून जाताना फक्त "अरे बाप्पा" एवढंच म्हणाली.

तोंडी सुरू झाली. 'गेट्स' काय करते? ऋत्विकला पाठ होतं, माहीत नव्हतं. ती धोक्याची का? लॅपटॉपने तसं म्हटलंय, एवढंच तो सांगू शकला. परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहायला फार शाई लागली नाही. ऋत्विकला कृषी केंद्राचा गल्ला दिसायला लागला. गल्ल्यापुढे न उगवलेल्या सोयाबीनची पिशवी घेऊन उभा माणूस दिसायला लागला.

"बरं, डिस्कची मांडणी दाखव," परीक्षक शेवटचं म्हणून म्हणाले.

ऋत्विकने दाखवली. परीक्षक वाकले. मग आणखी वाकले.

"हे श्री महादेवराव कोण?"

"वडील, सर. त्यांचा हिस्सा. ही आई. ही बहीण, मलकापूरला असते, हक्कसोड दिली नाही तिनं."

"अन् हे मधे रिकामं काय सोडलंय?"

"बांध आहे, सर."

परीक्षकांनी प्रेमानंद सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

"कशाला?"

"दोन हिश्शांमध्ये कोणाचंच नसलेलं थोडं ठेवावं लागते, सर. नाही तर वाद होतात."

"हं. अन् स्वॅप म्हणजे काय?"

"गायरान, सर. मालकी कोणाची नाही. मेमरी भरली की कोणतंही काम तिथं चरायला सोडता येते. पण रोज तिथंच चारलं तर सगळं गाव हळू होते."

"एका पार्टिशनमधलं दुसऱ्यात कसं बघतोस?"

"वहिवाट करून घ्यावी लागते, सर. लिनक्समधून विंडोजकडे वाट आहे. तिकडून इकडे नाही. वडिलांची त्याबद्दल हरकत आहे, नोंदवलेली."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, पण गाडीसाठी नव्हे; त्यांना हसू लपवायला जागा हवी होती. "आमचंही शेत आहे," ते म्हणाले. "बांधाचा दावा चालू आहे." आणि कागदावर काहीतरी वाढवलं.

संध्याकाळी ओसरीवर महादेवराव, निवृत्तीकाका आणि अन्नपूर्णाबाई वाट पाहत होते. मामांचा फोन चालूच होता, स्पीकरवर.

"किती?"

"चोवीस."

"पास कितीले?"

"वीसला."

अन्नपूर्णाबाईंनी देवाकडे साखर ठेवायला वळता वळता डोळे पुसले. फोनमधून मामांचा निःश्वास ऐकू आला. "चांगलं झालं," ते अतिशय दुःखाने म्हणाले. "मग पेरणीच्या वक्ताले गल्ल्यावर कोण बसन?" मग त्यांनी फोन ठेवला.

"अन् बाकीच्याईले?" महादेवरावांनी विचारलं.

"बेचाळीस. सगळ्यांचं बंद पडलं. सरसकट दिले."

महादेवराव हळूहळू खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे पंचनामा करणारा बांधावर उभा होता," ते म्हणाले, "साऱ्या शिवाराचं बुडालेलं होतं, अन् तू त्याले हाका मारून आपलं उभं पीक दाखवलं?"

"चाललं तं सांगावं वाटलं, बाबा."

"तलाठ्याचं पोरगं आहे बे तू!"

"फॉर्मेट मार," निवृत्तीकाका म्हणाले. "अन् पुन्हा जा, म्हणा बंद आहे."

ते चहा पिऊन गेले. ओसरी रिकामी झाली. आता काढणी झाली होती. स्थगिती उठली होती. ऋत्विक लॅपटॉप घेऊन वडिलांपुढे बसला. "काढू का लिनक्स?" त्याने विचारलं.

महादेवरावांनी लॅपटॉपशेजारचं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग पडद्यावरचं. दोन्हीकडे एकच वेळ होती.

"पुढच्या परीक्षेला नवं लागणार आहे म्हणे," ऋत्विक म्हणाला. "पंचवीस जीबीचं. यात बसत नाही. फेरवाटणी करावी लागेल."

"अश्विनी सही देत नाही."

"माहीत आहे."

महादेवरावांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग फाटकाकडे. अन्नपूर्णाबाई आत भाकरी थापत होत्या, रस्त्यावर कोणी नव्हतं. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि ज्या माणसाने अख्खी नोकरी लोकांच्या बांधांसाठी भांडणं ओढवून घेतली होती, तो माणूस आवाज खाली आणून मुलाला म्हणाला:

"तो बांध आहे ना तुझ्या अंगाचा."

"हो."

"थोडा थोडा कोरत जा. दर परीक्षेले वीतभर. कोणाच्या ध्यानात येत नाही."

"पण पलीकडं तं तुमचाच हिस्सा आहे, बाबा."

"माहीत आहे मले." महादेवरावांनी चष्मा चढवला आणि अर्ज उघडला. "म्हणून म्हणतो, तुझ्या बाजूनं कोर. माझ्या बाजूनं कोरला तं मले तुझ्यावर अर्ज करावा लागन."